काट्यावरची कुस्ती

हिंगण्यात एखाद्या घरातलं पोट्टं शाळेच्या कुस्तीच्या संघात गेलं की पहिला प्रश्न आजी विचारते, "काऊन, त्याचे कान मोडाले धाडता का तिथं?" दुसरा प्रश्न बापाचा असतो : एवढा काटकुळा पोरगा पहिलवान कसा होणार?

बापाचं उत्तर सोपं आहे. शाळेतला पहिलवान धिप्पाड असावाच लागत नाही. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा वयोगटांत होतात आणि प्रत्येक वयोगटात वजनगट असतात, त्यामुळे 48 किलोचा पोरगा 48 च्याच पोराशी भिडतो. 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव 57 किलो गटात लढले होते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतने कांस्य जिंकलं, तेही 57 किलोतच.

गावच्या दंगलीत पाहिलेली कुस्ती आणि शाळेची कुस्ती एकच, हाही समज पक्का बसलेला आहे. मातीत पाठ लागेपर्यंत झुंज चालते, तिथे दम धरणाऱ्याला वेळ मिळतो. मॅटवर 17 वर्षांखालील मुलांना दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंद मिळतात. पट काढून खाली घेतलं की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की एक. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न लागताही कुस्ती संपते. हौद्यात मोठा झालेला पोरगा अंदाज घेत उभा राहतो आणि तेवढ्यात हरून बाहेर येतो. ताकद कमी पडली असं घरचे म्हणतात. खरं तर घड्याळ कमी पडलेलं असतं.

पण खरा घोळ होतो तो वजनाच्या काट्यावर. 'वजन तोडलं की खालच्या गटात सोपं जातं' हे वाक्य आखाड्यात मोठी पोरं लहानांना इतक्या सहज सांगतात, की ते डाव शिकवण्याचाच भाग वाटतं. 51 किलोचा पोरगा 48 मध्ये नाव देतो. मग शेवटचे दोन दिवस जेवण बंद, पाणी बंद, अंगावर रेनकोट घालून ऐन दमट उकाड्यात धावणं. काट्यावर आकडा उतरतो, हे खरं. पण दोन दिवसांत चरबी फारशी जात नाही. जातं ते मुख्यतः पाणी आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे चार मिनिटं झुंजायला जे लागतं नेमकं तेच. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं की कामगिरी घसरू लागते. पन्नास किलोच्या पोराला ते एकच किलो झालं. वजन झाल्यावर ढसाढसा पाणी प्यायलं म्हणून ते लगेच भरून निघत नाही.

यात जीवही जातो. 1997 साली अमेरिकेत महिनाभराच्या अंतरात तीन कॉलेज पहिलवान वजन तोडताना दगावले. तिथले नियम त्यानंतर कडक झाले.

'मग अमननं एका रात्रीत साडेचार किलो उतरवलंच ना?' उतरवलं. त्याच्यासोबत रात्रभर जागणारे प्रशिक्षक होते, आणि तो एकवीस वर्षांचा होता, वाढत्या वयाचा नव्हे. त्याच पॅरिसमध्ये विनेश फोगाटनेही रात्र जागून काढली, केससुद्धा कापले. सकाळी काटा 100 ग्रॅम जास्त निघाला आणि अंतिम लढत हातची गेली. पोरांना यातली पहिली गोष्ट तेवढी पाठ असते.

खुराकाचंही असंच. 'बदाम-तुपाशिवाय पहिलवान नाही' म्हणत एमआयडीसीत रोजंदारी करणारा बाप उगाच खचतो. पन्नास किलोच्या मुलाला दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं पुरतात. अर्धा लिटर दूध, दोन अंडी, दोन्ही वेळा घट्ट वरण आणि मूठ-दोन मुठी फुटाणे. तेवढ्यात हिशोब बराच जुळतो. तूप खावं, पण त्यानं स्नायू वाढत नाहीत.

आता आजीचे कान. घासून, दाबून कानाच्या कुर्चेवर रक्त साकळतं आणि ते तसंच राहिलं की कान कायमचा चेपतो. सुजल्याबरोबर, आठवड्याच्या आत डॉक्टरांकडून ते रक्त काढून घेतलं तर कान बहुतेक वाचतो. अमेरिकेतल्या शाळांत कुस्तीला कानटोप सक्तीचा आहे. आपल्याकडे पोरं मोडलेला कान बिल्ल्यासारखा मिरवतात, त्याला कोण काय करणार! कातडीचं मात्र मिरवू नका. हळद-ताक घातलेली माती औषधी असते म्हणून नायटा होत नाही, हे खरं नाही. तो अंगाला अंग लागून पसरतो, मॅटवर आणि मातीतही. सरावानंतर लगेच आंघोळ, स्वतःचा टॉवेल, आणि चट्टा दिसला तर तो बरा होईपर्यंत सुट्टी.

'पोरींचं काम नाही' असं म्हणणारे अजून भेटतात. महिला कुस्ती 2004 पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि 2023 मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांसाठी एवढंच : बोर्डाच्या परीक्षेत खेळाडूंना जास्तीत जास्त 25 सवलतीचे गुण मिळू शकतात आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पण ते प्रावीण्य दाखवल्यावर, नुसतं नाव नोंदवून नाही.

यंदा शाळेतून स्पर्धेचा अर्ज घरी आला की वजनगटाचा रकाना पोराला एकट्याला भरू देऊ नका. सकाळी पोटभर नाश्ता झाल्यावर त्याला काट्यावर उभं करा आणि जो आकडा येईल त्याचाच गट लिहा.