तिसरी झडप

आमचे हिंगणी हे बोर धरणाच्या वाटेवरचे गाव. येथे मोटारसायकल घेणारा दोनच प्रश्न विचारतो : लिटरमागे किती धावते, आणि बिघडली तर गावात दुरुस्त होते का? इंजिनातल्या कोणत्याही नव्या शोधाचे बाजारातले भवितव्य या दोन प्रश्नांत आले, असे माझे मत आहे. तिसरा प्रश्न मात्र कोर्टात निघतो. त्याचीच ही हकीकत.

झडप, मिस्त्रींच्या बोलीत ‘वॉल’, म्हणजे इंजिनाचे नाक. एक झडप हवा-पेट्रोल आत घेते, दुसरी धूर सोडते. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक झडप सेकंदाला ५० वेळा उघडते! मी हे गणित सांगताच आमचे मिस्त्री म्हणाले, “मंग तं ते झिजनारच ना जी!”

आत घेणाऱ्या झडपा दोन केल्या की मिश्रण अधिक येते आणि चांगले जळते. होसूरच्या टीव्हीएस कंपनीने २००७ च्या डिसेंबरात ‘फ्लेम’ ही १२५ सीसीची गाडी आणली, तिच्यात तीन झडपा आणि दोन प्लग होते. पण दोन प्लगचे पेटंट होते बजाज ऑटोचे; जमनालालजींमुळे आम्हां वर्धेकरांना घरचेच वाटणारे नाव! त्यांचा अर्ज २००२ सालचा. बजाजचे म्हणणे, लहान सिलिंडरला दोन प्लग ही कल्पना आमची. झडपा कितीही लावा. टीव्हीएसचे म्हणणे, तिसऱ्या झडपेने इंजिनच निराळे झाले.

२००८ च्या फेब्रुवारीत मद्रास उच्च न्यायालयाने टीव्हीएसला मनाई केली. कंपनीने मग एकाच प्लगची फ्लेम विकायला काढली. मे २००९ मध्ये खंडपीठाने मनाई उठवली. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीला मोकळीक देऊन हिशेब ठेवायला सांगितले, आणि असे दावे साधारणतः चार महिन्यांत निकालात काढा, असेही बजावले. मला हा शेवटचा हुकूम सर्वांत मोलाचा वाटतो. नव्या गाडीचे पहिले दोन हंगाम गेले, की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलेले असते. फ्लेमही पुढे बाजारातून गेली.

झडपा मात्र वाढतच राहिल्या. २०१२ साली बजाजनेच पल्सर २०० एनएस आणली : चार झडपा, तीन प्लग! शहरातला तरुण वेगावर खूष झाला. आमच्याकडचा कापूसवाला विचारतो, “टॅपेट सेटिंगचे किती घ्याल?” प्रश्न रास्त आहे. झडप वाढली की तिची स्प्रिंग, तिची बैठक, तिचे सील, सारेच वाढते; कारागिराचा वेळही. कारखानदाराने जाहिरातीच्या खर्चातून थोडा पैसा काढून तालुक्यातालुक्यात मिस्त्री शिकवले, तर मला वाटते, निम्मी विक्री तेच करतील.

आमच्या मिस्त्रींनी तूर्त फिलर गेजचा नवा संच आणला आहे. जुन्याची बारीक पाती केव्हाच वाकली होती.