इंटरनेटवर सांपडलेलें शेजाऱ्यास कसें सांगावें

चिखलदऱ्याच्या पठारावर स्ट्रॉबेरीचा एक लहानसा मळा करणारे आमचे एक स्नेही आहेत. गेल्या हिवाळ्यांत परतवाड्याहून घाट चढून आम्ही चार-पांच सभासद त्यांचेकडे गेलों होतों. मळा पाहून झाला, चहा आला, आणि मग हल्लीं सर्वत्र घडतें तेंच तेथेंही घडलें. प्रत्येकानें आपापला मोबाईल बाहेर काढला व 'हें तुम्हीं पाहिलें काय?', 'हें माझ्या मुलीनें शोधून दिलें' अशी देवघेव सुरू झाली. एकानें नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचें पान उघडलें, दुसऱ्यानें ठिबकाचा एक परदेशी व्हिडिओ लावला, तिसरा संत्र्याचे भाव वाचूं लागला. पठारावर रेंज सगळीकडे सारखी नाहीं. त्यामुळें ज्यास कांहीं दाखवावयाचें असेल त्यानें मळ्याच्या पूर्वेकडील धुऱ्यावर जाऊन उभें राहावें व बाकीच्यांनीं त्याचे भोंवतीं गोळा व्हावें, असा प्रकार चालला होता. पारावरच्या बैठकीची ती नवी आवृत्तीच होती म्हणा ना!

या देवघेवीविषयीं वाचकबंधूंपुढें चार गोष्टी मांडाव्या असें मनांत आलें. याचें कारण असें कीं, तींत माझें स्वतःचें नुकसान झालेलें आहे, आणि माझेमुळें दुसऱ्याचेंही झालेलें आहे.

हकीकत अशी. कांहीं वर्षांपूर्वीं कपाशी पात्या-फुलांवर असतां माझ्या व्हॉट्सॲपवर एक संदेश आला. त्यांत युरिया व दोन कीटकनाशकें एकत्र करून फवारण्याचें माप दिलें होतें. 'पंधरा लिटरच्या पंपास इतकें' असें स्वच्छ लिहिलें होतें. माप मोठें वाटलें खरें. परंतु संदेश ज्यांच्याकडून आला ते गृहस्थ अनुभवी, म्हणून मीं शंका घेतली नाहीं. तीन मित्रांस तो तसाच पुढें पाठविला व दुसऱ्या दिवशीं दोन एकर फवारून काढलें. चवथ्या दिवशीं पानांच्या कडा करपल्या, व आठवडा झाला नाहीं तोंच पात्यांचा सडा पडला. माझ्या तीन मित्रांपैकीं एकानें फवारणी थांबविली, कारण त्यांच्या जुन्या सालदारानें माप पाहून विचारलें, "भाऊ, हे माप कोन्त्या पंपाचं हाय?" दुसऱ्यानें मात्र माझेवर विश्वास ठेवून फवारलें. त्यांचें शेत माझ्यापेक्षांही अधिक करपलें.

सालदाराचा प्रश्न अगदीं वर्मीं लागणारा होता. पाठीवरच्या साध्या पंपानें एकरीं पाणी पुष्कळ लागतें. पॉवर पंपास तें फार थोडें लागतें. म्हणून पॉवर पंपाच्या टाकींत कीटकनाशकाचें प्रमाण साध्या पंपाच्या सुमारें तिप्पट घ्यावें लागतें, हें आपल्याकडील कृषिविद्यापीठांच्या शिफारशींत नेहमीं छापलेलें असतें. मूळ माप पॉवर पंपाचें होतें. हातोहात फिरतां फिरतां तेवढा एक शब्द गळाला. आणि माप सर्वच पदार्थांस तिप्पट लावलेलें असल्यामुळें युरियाचें द्रावण शेंकडा दोनचें सहा टक्के झालें. तो संदेश मूळ कोणी लिहिला हें शोधूं लागलों, तेव्हां पांच माणसांपर्यंत माग लागला व तेथें तो बुजला. मुळांत लबाडी नव्हतीच. होतें तें अर्धवट सांगणें.

नवें पाहण्याची व इतरांस दाखविण्याची हौस वऱ्हाडास आजची नाहीं. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ पर्यंत केंद्रांत कृषिमंत्री होते. त्यांच्या पुढाकारानें १९५९-६० च्या हिवाळ्यांत दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरलें. असें प्रदर्शन पाहून आलेला मनुष्य गांवीं परतला म्हणजे वर्षभर त्याच्याच गोष्टी सांगावयाचा. पण त्यांत एक सोय होती. सांगणारा व ऐकणारा समोरासमोर बसत. जमीन कसली, पाणी किती, बैल किती जोड्या लागले, हे प्रश्न विचारल्यावांचून गोष्ट पुढें सरकत नसे. आजचा संदेश क्षणांत शंभर घरीं पोंचतो. त्यास कोणी प्रश्न विचारीत नाहीं, आणि विचारला तरी उत्तर द्यावयास तेथें मनुष्य नसतो. व्हॉट्सॲप कंपनीनें २०१८ सालीं आपल्या देशांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठविण्यास बंदी घातली, व २०२० मध्यें फार फिरलेल्या संदेशांस तर एकाच ठिकाणाची मर्यादा लाविली. त्यानें वेग कमी झाला असेल. गळालेला शब्द कांहीं परत येत नाहीं.

गांवांत यंत्र आणून ठेवलें म्हणजे ज्ञान आलें, ही समजूतही टाकून दिली पाहिजे. मेळघाटांतीलच हरिसाल या गांवाचें उदाहरण सर्वांच्या ओळखीचें आहे. २०१६ सालीं राज्यसरकारनें मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साह्यानें तें 'डिजिटल गांव' करावयाचें घेतलें. त्याचा गाजावाजा देशभर झाला. २०१९ च्या लोकसभेच्या प्रचारांत त्याच गांवीं खरोखर काय चालतें व काय बंद आहे, यावरून जाहीर सभांतून वाद झडले. वादाचा निवाडा करणें हें या मासिकाचें काम नव्हे. मला त्याहून जुनें असें वारणेचें उदाहरण अधिक बोधक वाटतें. कोल्हापूर-सांगलीकडील वारणा सहकारी समूहाच्या सत्तर गांवांत १९९८ सालीं संगणककेंद्रें काढण्याची योजना झाली. शेतकऱ्यांस तेथें नानाविध माहिती मिळावी असा हेतु होता. प्रत्यक्षांत लोक केंद्रावर जात ते आपल्या उसाचें वजन किती भरलें, खत किती उचललें व बिल केव्हां निघणार हें पाहण्यासाठीं. पुढें कांहीं गांवांत संगणकाचे जागीं मोबाईलवरील संदेशांनीं तेंच काम करून पाहिलें, तों तें स्वस्तांत झालें. मनुष्य प्रथम आपल्या स्वतःच्या खात्याचें पाहतो, आणि त्यांत त्याचें चुकतें असें मला वाटत नाहीं. म्हणून शेजाऱ्यास इंटरनेटची गोडी लावावयाची असेल, तर परदेशी ठिबकाच्या व्हिडिओनें आरंभ करूं नये. त्याच्या गट नंबरानें करावा.

माझा क्रम असा असतो. प्रथम 'महाभूलेख' उघडून त्याचा सातबारा त्यास दाखवावयाचा. नुसता पाहण्यास पैसा पडत नाहीं. डिजिटल सहीचा उतारा पाहिजे असल्यास पंधरा रुपये भरून घरबसल्या काढतां येतो. आपलें नांव, आपलें क्षेत्र, वडिलांच्या वेळची बोजाची नोंद समोर दिसली म्हणजे ज्या मनुष्यानें आजवर मोबाईल केवळ बोलण्यास वापरला तोही चष्मा पुसून जवळ सरकतो. त्याच बैठकींत ई-पीक पाहणी दाखवावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली आहे, व आपल्या पिकाची नोंद आपणच शेतांत उभें राहून करावयाची आहे. सातबाऱ्यावर पेरा नसला म्हणजे सरकारी खरेदीच्या व भरपाईच्या वेळीं किती खेटे घालावे लागतात, हें सांगण्याची जरूरी नाहीं.

पावसापाण्यासाठीं हवामानखात्याचें 'मेघदूत' आहे. मंगळवारीं व शुक्रवारीं त्यांत जिल्ह्याचा अंदाज व पिकाचा सल्ला येतो; आपल्या भागाचा सल्ला अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांतील केंद्र तयार करतें. विजेची सूचना देणारें 'दामिनी' पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचें आहे. पावसाळ्यांत रानांत जाणाऱ्या प्रत्येकाजवळ तें असावें. मात्र जिल्ह्याचा अंदाज वाचतांना जिल्हा कसा आहे हें विसरूं नये. अमरावती शहर समुद्रसपाटीपासून साडेतीनशें मीटरांच्या आसपास, आणि चिखलदरा अकराशें मीटरांहून उंच. हजार मीटर चढलें असतां हवा सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते, या हिशेबानें दोहोंमध्यें पांच अंशांचा फरक पडतो. एकच आंकडा दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यास व मेळघाटाच्या माथ्यास कसा लागू पडावा?

भावांसाठीं 'ॲगमार्कनेट' व राज्य पणन मंडळाचें स्थळ हीं दोन्ही पाहावीं. भाव सांगतांना आवक किती होती हेंही सांगावें, नाहीं तर दहा पोत्यांस मिळालेला भाव ऐकून शंभर लोक गाड्या जुंपावयाचे.

माझ्या करपलेल्या कपाशीनें मला जें स्थळ शिकविलें त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण तें फारसें कोणास ठाऊक नसतें. फरीदाबाद येथें केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती आहे. कोणतें औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठीं मान्य आहे, हेक्टरीं मूळ विष किती व तयार औषध किती, पाणी किती लिटर, आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबावें, याचे तक्ते तिच्या संकेतस्थळावर असतात. तक्ते इंग्रजींत आहेत; घरांत शिकणारें मूल असतें, त्याच्याकडून वाचून घ्यावे. आंकडे हेक्टराचे असल्यामुळें एकराकरितां अडीचानें भागावें. २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भाची कपाशी खाल्ली, आणि त्याच साली यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्या काळीं काय काय मिसळून मारीत होते हें ज्यांनीं जवळून पाहिलें आहे, त्यांस या तक्त्यांची किंमत वेगळी सांगावयास नको. फवारणारा बहुधा शेताचा मालक नसतो, ही गोष्टही ध्यानांत असावी. आपण पाठविलेलें चुकीचें माप दुसऱ्याच कोणाच्या तरी नाकांत जातें.

आणखी एक धोका अलीकडे फार वाढला आहे. २०१९ पासून प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे हप्ते खात्यांत जमा होऊं लागले, व त्याच नांवानें खोटे दुवे व 'एपीके' नांवाच्या फायली गटागटांतून फिरूं लागल्या. ती फाईल मोबाईलवर चढविली म्हणजे बँकेचे ओटीपी परस्पर चोराच्या हातीं जातात. त्या फायली चोर स्वतः सर्वांस पाठवीत बसत नाहीं. त्या मित्रच मित्रास, भाऊच भावास, चांगल्या बुद्धीनें पाठवितो. याकरितां मीं आतां दुवा पाठविणेंच सोडून दिलें आहे. स्थळाचें नांव सांगतों, व शेवटीं 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' हीं अक्षरें आहेत कीं नाहींत हें पाहावयास सांगतों; हीं अक्षरें सरकारी कचेऱ्यांखेरीज इतरांस मिळत नाहींत. विद्यापीठांचा शेवट 'एसी डॉट इन' असा असतो. ज्यास मोबाईल चालवितां येत नाहीं त्याच्यासाठीं १८००-१८०-१५५१ हा किसान कॉल सेंटरचा फुकट नंबर २००४ पासून आहे. तेथें मराठींत उत्तर मिळतें.

परत चिखलदऱ्यास येऊं. त्या दिवशीं आमच्या स्नेह्यांनीं महाबळेश्वरच्या एका बागाइतदाराचा व्हिडिओ आम्हांस दाखविला व लागवडीची तीच तारीख येथेंही धरावी काय, असें विचारलें. व्हिडिओ उत्तम होता. गादीवाफा, मल्चिंगचा कागद, रोपांतील अंतर, सर्व नीट समजावून दिलें होतें. परंतु महाबळेश्वर आपल्याहून सुमारें अडीचशें मीटर अधिक उंच, आणि तेथील पाऊस साडेपांच हजार मिलिमीटरांच्या घरांतला. चिखलदऱ्याचा त्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी. तेथील वाफसा येथील वाफशाशीं कसा जुळावा? आम्हां कोणासच तारीख सांगतां येईना. माझ्या मित्रांपैकीं एकानें, ज्यांचें शेत माझ्या संदेशानें करपलें होतें त्यांनींच, तोडगा सुचविला. व्हिडिओंतील तारीख एका बाजूस लिहावी, तिच्यापुढें स्थळ, उंची व कोणत्या सालचें तें मांडावें. आणि दुसऱ्या बाजूस आपल्या मळ्याची लागवड, पाऊस उघडल्याचा दिवस व पहिल्या तोडीची तारीख तीन वर्षें लिहीत जावी. मग जें ठरेल तेंच खालीं परतवाड्यास व वर मोथ्याकडील मंडळींस सांगावें.

स्नेह्यांच्या पत्नीनें आंतून मुलाची एक कोरी वही आणून दिली. बाहेर धुऱ्यावर रेंजही तोंपर्यंत गेली होती. पहिल्या पानावर महाबळेश्वरची नोंद झाली आहे. समोरचें पान येत्या भाद्रपदांत भरावयाचें आहे.