'गुड ईव्हनिंग' की 'गुड नाईट'?

गेवराईच्या बाजारपेठेत घटकाभर उभे राहिले, तर अभिवादनाचे किती प्रकार कानी पडतात! कोणी 'राम राम' म्हणतो, कोणी 'सलाम', कोणी 'जय भीम', तर कोणी 'नमस्कार'. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे; त्यामुळे 'आदाब अर्ज' हे उर्दू अभिवादनही येथे परके नाही. इतक्या शब्दांतून योग्य तो शब्द आमचे विद्यार्थी क्षणार्धात निवडतात. त्याकरिता त्यांना व्याकरणाचे पुस्तक उघडावे लागत नाही. मग तेच विद्यार्थी इंग्रजी बोलू लागले की का अडखळतात? सायंकाळी घरी आलेल्या पाहुण्यास 'गुड नाईट' म्हणून त्याला उंबरठ्यावरूनच निरोप का देतात?

याचे कारण असे की, मराठीत आपण बहुधा समोरचा मनुष्य पाहून शब्द निवडतो. वडीलधाऱ्यांस कोणता शब्द, सोबत्यास कोणता, हे आपणांस घरीच कळते. एकदा शब्द ठरला, की सकाळ असो वा रात्र, भेट असो वा निरोप, तोच चालतो. 'नमस्कार' म्हणून आपण येतो आणि 'नमस्कार' म्हणूनच जातो. इंग्रजीची रीत निराळी आहे. तेथे तीन प्रश्न मनाशी विचारावे लागतात: वेळ कोणती? भेट की निरोप? आणि ओळख किती?

प्रथम वेळ घेऊ. दुपारी बारापर्यंत 'गुड मॉर्निंग', त्यानंतर 'गुड आफ्टरनून' आणि दिवस कलल्यावर 'गुड ईव्हनिंग', हा क्रम सर्वांस ठाऊक आहे. या क्रमाची चौथी पायरी 'गुड नाईट' असावी, असे विद्यार्थ्यांस साहजिकच वाटते. परंतु ती तशी नाही. रात्री नऊ वाजता कोणी भेटले, तरी 'गुड ईव्हनिंग' असेच म्हणावयाचे. 'गुड नाईट' हा निरोपाचा शब्द होय. निजावयास जाताना किंवा रात्री एकमेकांपासून दूर होतानाच तो शोभतो. येथे घड्याळापेक्षा दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे भेट की निरोप याचे, महत्त्व अधिक आहे.

'गुडबाय' हाही निरोपाचाच शब्द. 'देव तुमच्याबरोबर असो' अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य बोलता बोलता झिजत जाऊन तो बनला. आपण घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. त्यातही अशीच मंगल भावना आहे.

आता ओळखीविषयी. 'हाय' हा शब्द मित्रांत व भावंडांत गोड लागतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरताना तो शोभत नाही. 'हॅलो' हा त्या मानाने मधला शब्द. त्याचा प्रसार दूरध्वनीमुळे झाला, ही गोष्ट मनोरंजक आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ साली दूरध्वनीचे पेटंट मिळाले. बोलण्यास आरंभ करताना खलाशांप्रमाणे 'अहॉय' म्हणावे, असे त्यांचे मत होते. पण थॉमस एडिसन यांनी १८७७ साली 'हॅलो' सुचविला आणि तोच जगभर रुजला. 'हाउ डू यू डू' व 'हाउ आर यू' या दोहोंतही भेद आहे. पहिला प्रयोग नव्या ओळखीच्या वेळचा. तो दिसतो प्रश्नासारखा, पण त्याचे उत्तर तेच शब्द उलट म्हणून देतात. दुसरा मात्र खरोखर क्षेमकुशल विचारणारा आहे, आणि आज सर्वत्र तोच अधिक ऐकू येतो.

हीच दक्षता क्रियापदांतही हवी. कोणालाही अभिवादन करणे म्हणजे 'ग्रीट'. आपल्या घरी वा शाळेत आलेल्याचे स्वागत करणे म्हणजे 'वेल्कम'. शिपाई वा सैनिक हात उंचावून जी मानवंदना देतो, ती 'सॅल्यूट'. म्हणून रस्त्यात भेटलेल्या शिक्षकांस आपण 'ग्रीट' करतो, 'वेल्कम' नव्हे. कारण रस्ता काही आपले घर नाही. 'विश' या शब्दापुढे काय चिंतिले, तेही सांगावे लागते. 'मी सरांना विश केले' एवढेच इंग्रजीत म्हटले, तर ते आपल्या देशात समजते, पण इंग्लंडमध्ये वाक्य अपुरे वाटते.

हा केवळ शब्दांचा खेळ आहे, असे कोणी समजू नये. आपल्याकडे माणूस पाहून शब्द निवडण्याच्या रीतीने आदर शिकविला, तसा अपमानही केला. ज्यांना अस्पृश्य लेखले, त्यांनी वरच्यांस 'जोहार' घालावा, अशी रूढी होती. त्यांच्या वंशजांनी ताठ मानेने 'जय भीम' म्हणून तिला उत्तर दिले. अभिवादनाच्या एका शब्दात मनुष्याची किंमत अशी सामावलेली असते. 'गुड मॉर्निंग' कलेक्टरसाहेबांस जसे म्हणावयाचे, तसेच कचेरीच्या दारातील शिपायासही. ही गोष्ट इंग्रजीपासून अवश्य घ्यावी.

पालकांस एक विनंती. मुलाने पाहुण्यास चुकून 'गुड नाईट' म्हटले, तर हसू नये. पाहुणे गेल्यावर जवळ बसवून भेद समजावून सांगावा. चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशी सुधारता येतो. पण एकदा हसे झालेले मूल पुढे तोंडच उघडत नाही, आणि त्या मौनावर कोणत्याही कोशात उपाय सापडत नाही.