ब्रेक शू मागण्याआधी ड्रम मोजा

अमेरिकेतल्या जुन्या हॉट रॉडसाठी, म्हणजे हौशीने बदल केलेल्या जुन्या गाडीसाठी, ब्रेक शू शोधताना गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. गाडी १९३२ची फोर्ड असेल, पण ब्रेक तिचे असतीलच असं नाही. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते १९३९मध्ये. त्याआधी सगळा कारभार रॉड आणि केबलवर चाले. म्हणून हौशी मंडळींनी पुढच्या वर्षांच्या फोर्डचे, लिंकनचे ब्रेक उचलून जुन्या गाड्यांना बसवले.

तेव्हा आधी ड्रम काढा. आतला व्यास आणि शूची रुंदी मोजा, मग शू खाली कसे अडकवलेत ते बघा. प्रत्येक शू स्वतःच्या पिनवर फिरत असेल तर तो लॉकहीड पद्धतीचा. दोन्ही शू खाली अ‍ॅडजस्टरने जोडलेले आणि वर एकच पिन असेल तर बेंडिक्स. बेंडिक्समध्ये फिरता ड्रम पुढच्या शूला ओढतो, तो मागच्याला रेटतो आणि पकड आपोआप वाढते. जास्त काम मागच्या शूवर पडतं, म्हणूनच तिथे आखूड लायनरचा शू पुढे बसतो. पुढचा शू मागे आणि मागचा पुढे बसवण्याची चूक फार होते, आणि मग ब्रेक नीट लागत नाहीत.

नवा शू मिळालाच नाही, तर जुन्याच लोखंडी शूवर नवं लायनर चिकटवून किंवा रिव्हेट मारून घ्यावं. आपल्याकडे ट्रकवाले हेच करतात. ड्रम घासून मोठा झाला असेल, तर लायनरही त्या गोलाईला घासून घ्यावं. नाहीतर ते फक्त मधेच टेकतं. जुन्या लायनरची धूळ मात्र फुंकू नका. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.