एक नदी, एक पूल आणि दोन गोष्टी



गटाच्या बैठकीत आम्ही वाचनपेटीचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. "पेटीत शेळीपालनाची पुस्तकं ठेवा, योजनांची ठेवा. राजाराणीच्या खोट्या गोष्टी मोठ्या बायकांना कशाला?" प्रश्न रास्त आहे, कारण पेटीचे पैसे तुमच्याच बचतीतून येतात. त्याचं उत्तर द्यायला आज आम्ही एका नदीची माहिती सांगणार आहोत. नदीचं नाव कर्मनाशा.

ही नदी आपल्याकडची नाही. कैमूरच्या डोंगरात ती उगम पावते, बराच प्रवास उत्तर प्रदेश आणि बिहारच्या सीमेवरून करते आणि बक्सरजवळ चौसा इथे गंगेला मिळते. लांबी दोनशे किलोमीटरच्याही आत. पण तिच्या नावातच भीती आहे. कर्मनाशा म्हणजे केलेलं पुण्य नाहीसं करणारी. गोष्ट अशी सांगतात, की त्रिशंकू राजाला विश्वामित्रांनी सदेह स्वर्गात पाठवलं आणि इंद्राने त्याला खाली ढकललं. तो मध्येच डोकं खाली, पाय वर असा लटकला. त्याच्या तोंडातून गळलेल्या लाळेची ही नदी झाली. म्हणून तिच्या पाण्याला पाय लागला की जन्मभराचं पुण्य गेलं, असं लोक धरून चालले.

आता अडचण बघा. काशीहून गयेला जायचं तर वाटेत ही नदी आडवी येते. काशी, प्रयाग, गया ही त्रिस्थळी यात्रा आपल्या मराठी मुलखातले लोकही करत. घरदार सोडून, महिनोन्महिने चालत काशी गाठायची, गंगेत नाहून पुण्य जोडायचं आणि पुढे गयेच्या वाटेवर एका नदीत पाय घालून ते घालवायचं? मग ज्यांना परवडे ते पैसे देऊन माणसांच्या खांद्यावर बसून नदी पार करत. पाय कोरडे, पुण्य शाबूत.

पण ज्यांच्या खांद्यावर बसायचं, ती माणसं रोज त्याच पाण्यात कमरेपर्यंत उभी असत. त्यांच्या पुण्याचा हिशेब कोणी केला नाही. अशा गोष्टींचा भार नेहमी कोणाच्या तरी खांद्यावर जातो, आणि तो खांदा बहुतेक वेळा गरिबाचा असतो.

यावर उपाय म्हणजे पूल. पेशवाईतले नाना फडणवीस यांनी नौबतपूरजवळ या नदीवर दगडी पुलाचं काम सुरू केलं होतं. अहिल्याबाई होळकरांच्या धर्मकार्याच्या यादीतही कर्मनाशेवरच्या पुलाचा उल्लेख येतो. नानांचं काम अर्धवट राहिलं. पुढे बनारसचे धनिक राजा पटनीमल यांनी ते खर्च देऊन पुरं करून घेतलं. बांधकामात जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याची मदत होती. हा माणूस तेव्हा बनारसच्या टांकसाळीत नोकरीला होता. १८३१ च्या सुमारास पूल उभा राहिला. यानंतर काही वर्षांनी, १८३७ मध्ये, याच प्रिन्सेपने सम्राट अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी वाचून दाखवली. शेकडो वर्षं कोणालाच वाचता न येणारी ती अक्षरं तेव्हा पुन्हा बोलू लागली.

असा दगडी कमानीचा पूल उभा कसा राहतो, तेही समजून घेऊ. कमानीला आधार म्हणून लोखंड नसतं. आधी लाकडी साचा उभारतात. त्यावर पाचरीच्या आकाराचे दगड दोन्ही बाजूंनी रचत आणतात. अगदी मधला शेवटचा दगड घट्ट बसला की साचा काढून घेतात. वरून भार आला की दगड एकमेकांना आणखी दाबून धरतात आणि तो भार दोन्ही बाजूंच्या खांबांतून जमिनीत उतरतो. म्हणजे कमानीचा सगळा जीव पायात. पुराने पायाखालची वाळू, माती उकरून नेली तर वरची कमान कितीही भक्कम असो, पूल टिकत नाही. महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, ते आपण विसरलेलो नाही. नवा पूल म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. कर्मनाशेवरच्या महामार्गाच्या नव्या पुलाच्या खांबांना २०१९ च्या डिसेंबरात तडे गेले आणि अवजड गाड्या थांबवाव्या लागल्या. तेव्हा आपल्या गावच्या पुलाला पावसाळ्याआधी वरून रंग दिला की नाही हे पाहू नका. पाणी ओसरल्यावर खांबाच्या बुडाशी खड्डा पडलाय का, ते पाहा आणि ग्रामसभेत सांगा.

ही झाली पहिली गोष्ट. आता त्याच नदीच्या काठाने वर डोंगराकडे चला. तिथे चकिया आणि नौगढचं जंगल लागतं. धबधबे, दऱ्या, जुन्या गढ्यांचे पडके अवशेष. या जंगलाचा ठेका एकोणिसाव्या शतकात देवकीनंदन खत्री नावाच्या गृहस्थांकडे होता. ते त्या पडक्या वास्तूंमधून हिंडले आणि त्यांतूनच त्यांना कादंबरी सुचली. १८८८ मध्ये ती छापून येऊ लागली. नाव 'चंद्रकांता'. पुढे 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग आले, मग 'भूतनाथ'. ते अपुरं राहिलं, ते मुलाने पूर्ण केलं. दूरदर्शनवरची 'चंद्रकांता' मालिका आणि तिच्यातला 'यक्कू' म्हणणारा क्रूरसिंह तुमच्यातल्या कित्येकींना आठवत असेल. ती याच कादंबरीवरून घेतलेली, पण पुस्तक बरंच वेगळं आहे.

पुस्तकात नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आहे आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता आहे. त्यांच्या दिमतीला ऐयार आहेत. ऐयार म्हणजे वेषांतर करणारे, बेशुद्धीची पूड बाळगणारे चतुर हेर. चंद्रकांतेची मैत्रीण चपला हीसुद्धा ऐयार आहे, आणि पुरुष ऐयारांना भारी पडते. शिवाय तिलिस्म आहे. तिलिस्म म्हणजे गुप्त दरवाजे, फसवे रस्ते आणि आत खजिना असलेली मायावी वास्तू. चंद्रकांता तिथेच अडकते. हे तिलिस्म नुसत्या तलवारीने तुटत नाही. ते कसं तोडायचं हे एका पुस्तकात लिहिलेलं असतं. ज्याला ते वाचता येईल, त्यालाच वाट सापडते.

सगळं काल्पनिक. पंडितांनी नाकंही मुरडली. पण या गोष्टीने काय केलं ते ऐका. त्या काळी त्या प्रांतात कचेरीचं काम उर्दूत, फारसी लिपीत चाले. नागरी लिपीला कचेरीत परवानगी मिळाली १९०० साली. म्हणजे 'चंद्रकांता' आली तेव्हा नागरी शिकून नोकरीचा फारसा फायदा नव्हता. तरीही केवळ पुढे काय होतं हे कळावं म्हणून कितीतरी लोक ती अक्षरं शिकले, असं हिंदी साहित्याच्या इतिहासात नोंदवलेलं आहे. भाषा सोपी, बोलण्यातली, आणि प्रत्येक भाग अशा जागी थांबायचा की पुढचा हातात घेतल्याशिवाय चैन पडू नये.

आता आपल्याकडे या. साक्षरता वर्गात तुमच्यातल्या पुष्कळजणी अक्षर शिकल्या. सही येते, नाव येतं. पण वर्षभर सहीपलीकडे काही वाचलं नाही तर अक्षर पुसट होतं. मग कर्जाचा कागद समोर आला की तो वाचायला पुन्हा मुलाला किंवा नवऱ्याला हाक मारावी लागते. योजनेचं पुस्तक काम निघालं की उघडतो आणि काम झालं की मिटतो. गोष्टीचं पुस्तक मात्र रात्री भांडी आवरल्यावरही आपल्याला बोलावतं. रोजची दोन पानं झाली की डोळ्यांना ओळी धरायची सवय लागते. तीच सवय बँकेच्या कागदावर कामाला येते.

म्हणून गोष्ट खरी की खोटी, एवढंच विचारून भागत नाही. एकाच नदीकाठच्या या दोन्ही गोष्टी रचलेल्याच आहेत. पहिलीने माणसांचे पाय अडवले, आणि ती खरी म्हणूनच सांगितली गेली. दुसरी उघड उघड कल्पित होती, आणि तिने हजारो हातांत पुस्तक दिलं. आपल्या गावातही पहिल्या जातीच्या गोष्टी कमी नाहीत. अमक्या विहिरीवर अमकीने जायचं नाही, विधवेने ओटी भरायची नाही, त्या चार दिवसांत पाण्याला शिवायचं नाही. अशी गोष्ट कानावर आली की दोन प्रश्न विचारा. यात कोणाची वाट अडते? आणि पाण्यात कोण उभं राहतं?

येत्या बैठकीला पेटी येईल. शेळीपालनाचं पुस्तक तीत आहेच, त्याच्या शेजारी गोष्टीचंही ठेवलं आहे. हिशेब झाला की एकीने दोन पानं मोठ्याने वाचायची. पुढच्या आठवड्यात पुढची दोन, दुसरीने. अडली तर शेजारणीने सांगायचं.

भेटू मग बैठकीत.