टिग वेल्डिंग: करंट कमी केला तरी पत्रा का वाकतो?

भोसरीचं छोटं फॅब्रिकेशन शॉप असो की चाकणचा पार्ट पुरवणारा व्हेंडर, टिग वेल्डर घ्यायचा म्हटलं की आधी हातात पातळ पत्रा देऊन ट्रायल घेतात. आयटीआय नुकतंच झालेली पोरं इथेच अडकतात. बीड छान दिसते, पण पत्रा पापडासारखा वाकलेला! मग वाटतं, करंट जास्त झाला. थांबा, जरा हिशोब करू.

एक मिलिमीटर लांबीत किती उष्णता गेली? व्होल्ट गुणिले अँपियर गुणिले 60, भागिले मिनिटाला किती मिलिमीटर पुढे गेलात. समजा, 10 व्होल्ट, 60 अँपियर आणि वेग मिनिटाला 60 मिमी. उत्तर 600 ज्यूल. आता 80 अँपियर ठेवा, पण वेग 120 करा. उत्तर 400! करंट वाढला, उष्णता घटली. म्हणजे खरा खेळ वेळेचा आहे. कमी करंटवर पडल तयार व्हायची वाट बघत बसलात, तर तेवढ्या वेळात अख्खा पत्रा तापतो.

मग सुरुवात कुठून करायची? साध्या स्टीलला जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण 40 अँपियर, हा ढोबळ अंदाज. स्टेनलेसला त्याहून थोडा कमी. कारण 304 स्टेनलेस उष्णता पसरवतं साध्या स्टीलच्या जेमतेम एक तृतीयांश, आणि फुगतं मात्र जवळपास दीडपट. उष्णता एकाच जागी साठते, म्हणून तेच आधी वाकतं.

आर्क आखूड ठेवा, साधारण टंगस्टनच्या जाडीइतका. लांब आर्क पसरतो, फुकट जागा तापवतो आणि आर्गॉनचं संरक्षणही ढिलं पडतं. आधी जवळजवळ टॅक मारा. लांब जोड एका दमात ओढू नका. थोडं इथे, थोडं तिथे करा. मागे तांब्याची पट्टी लावली तर ती उष्णता ओढून घेते. शेवटी करंट हळूहळू उतरवा, नाहीतर क्रेटरला तडा जातो. आणि आर्क विझला तरी गॅस थांबेपर्यंत टॉर्च हलवायचा नाही.

जमलं की नाही, ते स्टेनलेसचा रंगच सांगतो. चंदेरी किंवा फिकट सोनेरी म्हणजे मस्त. निळा-जांभळा म्हणजे सांभाळा. करडा-काळा म्हणजे उष्णता जास्त झाली किंवा गॅस कमी पडला. यात फक्त दिसण्याचा प्रश्न नाही बरं का. 304 सारखं स्टेनलेस साधारण 450 ते 850 अंशांत जास्त वेळ राहिलं, तर क्रोमियम कार्बनशी जुळून अडकतं आणि जोडाशेजारी पुढे गंज धरतो. म्हणूनच कमी कार्बनचं 304एल वापरतात.

या आठवड्याचा सराव: 2 मिमीच्या भंगार पत्र्यावर तीन रेघा ओढा. करंट तोच, वेग मात्र दरवेळी वेगळा. पत्रा थंड झाला की उलटा करून मागची बाजू बघा. पुढच्या बीडपेक्षा ती जास्त खरं बोलते.

भेटू पुढच्या भागात!