साप चावल्यानंतरचे तास

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने मामल्लपुरमकडे जाताना वडनेम्मेली लागतं. तिथे इरुळांच्या संस्थेत मातीची मडकी मांडून ठेवलेली असतात, तोंडाला सुती फडकं घट्ट बांधलेलं. आत साप. कोकणातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाच्या रुग्णाला मिळणाऱ्या प्रतिविषाची सुरुवात बहुतेक वेळा या मडक्यांतून होते.

विष काढणारे हात

इरुळा हे तमिळनाडूतले आदिवासी. पूर्वी सापाच्या कातड्यांवर त्यांचं पोट चाले. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदा बुडाला आणि १९७८मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार साप पकडायचे, सुमारे तीन आठवडे ठेवायचे, अधूनमधून विष काढायचं, पोटाच्या खवल्यांवर खूण करून पुन्हा रानात सोडायचे. ते विष अगदी थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात आणि घोड्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून औषध बनतं. २०२३मध्ये मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या दोघा इरुळांना पद्मश्री मिळाली. हा मान फार आधी मिळायला हवा होता.

अपघात नव्हे, आजार

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं साप चावून गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तमिळनाडूने २०२४मध्ये प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. कुठे किती माणसांना साप चावतो हे कळल्याशिवाय औषध तिथे पोहोचणार कसं?

दवाखान्यात काय होतं

आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, रुग्णाला न चालवता, थेट दवाखाना गाठावा. साप मारून आणण्यात वेळ घालवू नये.

तिथली एक तपासणी अगदी साधी आहे. दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही. मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं, म्हणजे ते गोठलेलं नाही. घोणस किंवा फुरशाच्या विषाची ही ठळक खूण. विषबाधेची लक्षणं दिसली की साधारण दहा कुप्यांपासून प्रतिविष सुरू होतं. मूल असो वा मोठं माणूस, मात्रा तेवढीच, कारण सापाने टोचलेलं विष वयाप्रमाणे कमी होत नाही.

मण्यारीची रात्र

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश जाणवत नाही, दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. व्हेंटिलेटरवरचा असा रुग्ण निपचित दिसतो, डोळेही उघडू शकत नाही, पण अनेकदा त्याला सगळं ऐकू येत असतं. म्हणून खाटेजवळ रडारड करू नये. नाव घेऊन बोलावं, धीर द्यावा. श्वास वेळेत सांभाळला तर बहुतेक रुग्ण काही दिवसांत उठून बसतात.

घरी आल्यावर

घोणशीचं विष मूत्रपिंडांवर घाव घालतं. काहींना काही आठवडे डायलिसिस लागतं, म्हणून लघवी कमी होतेय का याकडे लक्ष हवं. चिघळलेली जखम भरायला महिने जातात. शेतात पुन्हा पाय टाकायची भीती त्याहून जास्त दिवस टिकते. तिला भित्रेपणा म्हणू नका, तीही आजाराचाच भाग आहे.

पाऊस सुरू होण्याआधी एक काम करा. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन विचारा: प्रतिविष शिल्लक आहे का, आणि रात्री ते द्यायला डॉक्टर असतात का?